नमुन्याची पट्टी

२ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार. मामीलाही नमस्कार, पण पत्र तुम्हाला आहे, कारण प्रश्न मशीनचा आहे. फोनच करणार होते. पण तुम्ही फोन उलटा धरता आणि आवाज येत नाही म्हणून माझ्यावरच ओरडता, तेव्हा पत्र बरं.

नोकरी सोडून मी सोफे-खुर्च्या शिवायचं दुकान काढलं त्याला वर्ष झालं. आई अजून ओळखीपाळखीत सांगते की मी रजेवर आहे. तर आता सभागृहाच्या दोनशे दहा खुर्च्यांचं काम दारात येऊन उभं आहे. चामड्याची बैठक, कापडी पाठ, कडेनं आत दोरी भरलेलं गोल पायपिंग. दहा एप्रिलला एक खुर्ची तयार करून दाखवायची. पसंत पडली तर काम माझं. नाही पडली तर समोरच्या गल्लीतल्या गादीवाल्याचं, आणि मग आईचा शब्द राखायला माझी रजा संपवून मी पुन्हा नोकरीवर.

अडचण अशी की माझ्याकडचं मशीन कपडे शिवायचं. त्याला चार पदरी चामडं दिलं तर त्यानं आधी सुई मोडली, मग किंचाळलं, आणि शेवटी जळका वास सोडून कायमचं गप्प बसलं.

इथल्या दुकानदाराकडे तीन मशीनं आहेत. एक साधं सपाट पाट्याचं, मोटर जोरदार. दुसरं चालत्या पायाचं, म्हणजे खालचे दाते, सुई आणि वरचा पाय असे तिघं मिळून चामडं पुढे नेतात. तिसऱ्याला पाटाच नाही, त्या जागी एक नळी आहे, तिच्यावर पिशवी चढवून शिवता येते. तिसरं दिसायला फार देखणं आहे. दुकानदार तिन्हींबद्दल "डोळे झाकून घ्या" एवढंच म्हणतो.

कुठलं घेऊ?

आईनं बजावलंय की मामाचं मशीन मागायचं नाही. म्हणून मी ते मागत नाहीये, एवढं ध्यानात असू द्या.

तुमची,
घाई


९ फेब्रुवारी

चि. घाईस आशीर्वाद.

"दिसायला फार देखणं आहे" हे वाक्य मी दोनदा वाचलं. तुला मशीन घ्यायचंय की स्थळ बघायचंय?

अडतीस वर्षं मी बसच्या सीटा शिवल्या. माझ्या टाक्यांवर किती माणसं बसून गेली असतील देव जाणे, पण एकालाही टाका टोचला नाही. तेव्हा मी सांगतो ते कागदावर लिहून भिंतीवर लाव. कापडात चुकलं तर उसवता येतं. चामड्यात सुई गेली की भोक जन्माचं. म्हणून चामड्याच्या मशीनचा जोर बघायचा नाही, ते किती हळू चालू शकतं ते बघायचं. जोरात काय, कुणीही चालतं.

आता असं कर. आपलं चामडं पिशवीत घालून दुकानात जा. तो तुला पातळ कापडाचा तुकडा देईल, तो घेऊ नकोस. पातळ कापडावर सगळीच मशीनं गुणी असतात. प्रत्येकावर वीतभर पट्टी शीव, चार पदरी. एक सरळ रेघ, एक कोपरा, एक वळण. मागं नंबर घालून मला पाठव. मी पट्टी बघून मशीनची पूर्ण कुंडली सांगतो.

सोबत माझ्या हातची नमुन्याची पट्टी पाठवतोय, घरच्या मशीनवर शिवलेली. असा टाका पडेल ते मशीन घे. ड्रॉवरमध्ये कुठेशी आहे, मामी शोधून पाकिटात घालील. पत्र मी लिहायचं आणि पाकीट चिकटवून टाकायचं तिनं, अशी आमच्याकडची वाटणी आहे.

माझं मशीन मागितलं नाहीस ते शहाणपणाचं केलंस. सव्वीस वर्षांत त्याला माझ्याशिवाय कुणी हात लावलेला नाही. मामीसुद्धा वरची धूळ पुसते, आणि मी शिवताना शेजारी बसून धाग्यांची टोकं कापते, तेवढंच.

मामा

ता. क. पट्टी घातली आहे. शिवून बघशील तेव्हा आधी तुझ्या उंचीचं स्टूल मागून घे. गुडघा पाट्याला लागत असला की वळणावर हात अडखळतो. – मामी


१९ फेब्रुवारी

मामा,

तीन पट्ट्या सोबत आहेत. मामीच्या सांगण्यावरून मी दुकानात शिरताच स्टूल मागितलं. दुकानदाराला वाटलं मला चक्कर येतेय. त्यानं पाणी आणवलं, चहा सांगितला आणि पंखा माझ्याकडे वळवला. चामडं बाहेर काढल्यावर मात्र पंखा परत त्याच्याकडे गेला.

पहिल्या मशीनवर खालचा पदर पुढे पळाला आणि वरचा मागे राहिला. पट्टी संपली तेव्हा दोघांत दोन बोटांचं अंतर. दुकानदार म्हणाला, "चामड्यात दोष आहे." मी म्हटलं, "म्हणजे जनावरात?" तर म्हणाला, "असू शकतो."

तिसरं, ते देखणं. त्याच्या नळीवर सपाट तुकडा ठरेना, सारखा एका बाजूला कलायचा. शिवाय त्याची मोटर अशी तापट की मी नुसता पायाचा अंगठा टेकवला आणि ते सुसाट सुटलं. पट्टी संपली तरी थांबेना. शेजारी दुकानदाराचं दरपत्रक पडलं होतं, तेही आत ओढून घेतलं. तीन नंबरच्या पट्टीला जो कागद शिवलेला आहे तो तोच. मी तो पट्टीसकट पिशवीत टाकला, त्यानंही मागितला नाही.

दुसरं बरं वाटलं. चारही पदर शेवटपर्यंत एकमेकांना धरून आले. पण तरी तुमच्या पट्टीसारखा टाका नाही.

आणि मामा, तुमची पट्टी! ती काढली तेव्हा दुकानदार, त्याचा मेकॅनिक आणि मशीनचा पट्टा बदलायला आलेलं एक गिऱ्हाईक, सगळे भोवती जमले. मेकॅनिकनं ती भिंगाखाली धरली. वळणावर बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. म्हणाला, "हे मशीनचं काम नव्हे. हाताचं आहे. हा माणूस कुठे असतो? आमच्या पोरांना शिकवायला येईल का?"

माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू! माझेच मामा, म्हटलं.

तुमची,
घाई


२७ फेब्रुवारी

चि. घाईस आशीर्वाद.

मेकॅनिकला सांग, माणसाला सवड नाही. पण जाणकार आहे हो तो. एकूण दुकानात तेवढा एकच असावा.

पत्राचा तो भाग मी मामीला मोठ्यानं वाचून दाखवला. दोनदा दाखवला. तिला मेलं त्याचं काही नाही. तोंड फिरवून उठून आत गेली आणि पातेली खाली पाडली. इतकी वर्षं शेजारी बसून टोकं कापली, पण टाका म्हणजे काय ते तिला कळलं नाही ते नाहीच. असो. प्रत्येकाला सगळं कळायलाच हवं असं नाही.

आता निकाल. एक नंबर चादरी शिवायला द्यावं. तीन नंबर वाईट नाही, तू त्याच्या योग्य कामाला ते लावलं नाहीस. पिशव्या, बूट, पट्टे शिवणाऱ्याला ते सोन्यासारखं. तुझी खुर्ची सपाट आहे, तुला ते काय करायचं? दोन नंबर घे. मोटर मात्र बदलून माग. पाय दाबशील तेवढंच चालेल आणि उचललास की जागच्या जागी थांबेल अशी मोटर हल्ली मिळते. एकेक टाका मोजून टाकता आला पाहिजे. बॉबिन मोठी आहे ना ते बघ, नाहीतर भर वळणावर खालचा धागा संपतो आणि माणसाच्या तोंडून नको ते निघतं. सुई चामड्याचीच घे, टोकाला धार असलेली.

मशीन तुला मी निवडून दिलं. हात तुझा तुलाच बसवावा लागेल. तो दुकानात मिळत नाही.

मामा

ता. क. अक्षर लागलं नाही तर घाबरून जाऊ नकोस. ह्यांचा हात थंडीनं आखडतो. हे पत्र लिहायला चार दिवस लागले. – मामी


१५ मार्च

मामा,

थंडी कसली? इथे पंख्याखालीसुद्धा घाम निथळतोय. तिकडे काय वेगळं आभाळ आहे का?

दोन नंबर घेतलं. तुम्ही सांगितलेली मोटर बसवून घेतली. मशीन अगदी गुणाचं आहे, आणि तीच पंचाईत झालीय. आता दोष जनावरावर ढकलता येत नाही.

तीन बैठका शिवल्या, तिन्ही फुकट गेल्या. सरळ रेघ झकास येते. कोपऱ्यावर, जिथे पायपिंग वळतं, तिथे माझा हात घाबरतो. एक टाका आत जातो, एक बाहेर. उसवून पुन्हा शिवलं तर भोकांची दुहेरी रांग. तुम्ही म्हणालात ते भिंतीवर लावलंय, आणि ते वाचत वाचतच मी चुकतेय. गादीवाला काल सहज म्हणून डोकावून गेला. कोपऱ्यात टाकलेल्या बैठका बघून म्हणाला, "शिका, शिका. वय आहे." मी त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे हो!

दहा एप्रिलला पंचवीस-सव्वीस दिवस उरले. मामा, तुम्ही या. चार दिवस या. एक खुर्ची तुमच्या हातची होऊ दे, मी शेजारी बसून बघते. मला परत ऑफिसात जायचं नाही. रडून सांगतेय असं समजा, कारण खरंच रडतेय.

तुमची पट्टी आणि माझी पट्टी अशा दोन्ही सोबत पाठवतेय. शेजारी ठेवून फरक सांगा.

तुमची,
घाई


२० मार्च

अगं घाई,

हे पत्र मी तुला परस्पर लिहितेय. ह्यांना ठाऊक नाही. वाचलंस की फाडून टाक.

ह्यांना बोलवू नकोस. येतील, नाही म्हणणं त्यांच्यानं व्हायचं नाही, आणि तिथे बसून चारचौघांत फजिती होईल. त्यांचा हात गेल्या वर्षापासून थरथरतो. थंडीचं मी म्हणते, त्यांनीही ते मान्य केलंय, त्यामुळे आमच्याकडे बारा महिने थंडी आहे. मशीनला त्यांनी वर्षभरात हात लावलेला नाही.

आता दुसरं. ती पट्टी माझी आहे.

रोज सकाळी अकरा ते एक हे वाचनालयात पेपर वाचायला जातात. एकदा शेजारणीच्या बॅगेचा बंद तुटला होता. ह्यांना सांगावं तर ते हात पुढे करणार आणि थरथर बघून गप्प होणार. म्हणून मीच कव्हर काढलं आणि बसले. सव्वीस वर्षं शेजारी बसून बघत होते, त्यामुळे हाताला सगळं आपोआप आलं. मग कुणाचं सीट कव्हर, कुणाचा पट्टा. एक वाजायच्या आत कव्हर परत घालायचं, कातरण पिशवीत भरायचं. चोरी केल्यासारखं वाटतं, आणि आवडतंही.

तुझ्यासाठी ह्यांची पट्टी शोधली ती मिळाली नाही, म्हणून माझी घातली. नाही गं, तुझ्याशी खोटं कशाला बोलू? ह्यांचीही सापडली होती, शेजारीच होती. माझीच घातली. दुकानातलं माणूस काय म्हणतं ते एकदा ऐकावंसं वाटलं. ह्यांनी मेकॅनिकचं ते वाचून दाखवलं तेव्हा माझ्या हातून पातेली पडली.

परवा नेमकं पोस्टमनच्या हातून ह्यांनीच तुझं पाकीट घेतलं. दोन दिवस दोन्ही पट्ट्या घेऊन खिडकीत बसलेत. काही बोलत नाहीत. म्हणजे कळलेलं नसावं.

कोपऱ्याचं पत्रात सांगता येणार नाही, हात धरून दाखवावं लागेल. मी येते. पण काय सांगून येऊ? तूच काहीतरी कारण काढ. साधंसंच काढ, तुला जास्त जमत नाही.

मामी


२४ मार्च

मामा,

नमस्कार. पत्र झोपून लिहीत आहे. माझी कंबर धरली आहे. डाव्या बाजूची. उजवीकडेही थोडी. तुम्ही यायची तसदी घेऊ नका, खुर्चीचं माझं मी बघेन. फक्त मामीला पंधरा-वीस दिवस पाठवा. स्वयंपाकाचे फार हाल आहेत. आई येऊ शकत नाही, कारण तिला कळवलेलं नाही, कारण तिला काळजी वाटेल.

येताना मामीनं जवळचा चष्मा आणि अंगठ्याला घालायची चामड्याची टोपी आणावी. भाजी चिरायला.

घाईत,
घाई


१२ एप्रिल

मामा,

पसंत पडली!

सभागृहाचे व्यवस्थापक आले, खुर्चीवर बसले, उठले, पुन्हा बसले. मग त्यांनी ती चक्क उलटी केली. कोपऱ्यावरचा टाका नखानं उचकटून बघितला. टाका हलला नाही, नख मोडलं. विचारलं, "कुणी शिवलीय?" मामी तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. कप असे वाजायला लागले की मला वाटलं सगळा चहा खुर्चीवर जातोय. मी म्हटलं, आमच्याकडे घरचंच माणूस आहे. ते म्हणाले, "त्यांनाच ठेवा. दोनशे दहा खुर्च्या त्याच हाताच्या हव्यात." गादीवाला समोरच्या फुटपाथवर उभा राहून आकाशाकडे बघत होता.

ही खुर्ची अर्थातच मी शिवली. मामी स्वयंपाक उत्तम करते.

एक राहिलं. मामीच्या पिशवीत तुमची चामड्याच्या सुयांची डबी निघाली. तिला विचारलं तर ती म्हणते मी घातलीच नाही. चुकून आली असावी. आणि मामीला आणखी तीन महिने ठेवून घेऊ का? डॉक्टर म्हणाले, खुर्च्या पूर्ण होईपर्यंत कंबर दुखेल.

तुमची,
घाई


१७ एप्रिल

चि. घाईस आशीर्वाद.

तुझ्या डॉक्टरला माझा नमस्कार सांग. असा हुशार डॉक्टर मी बघितला नाही.

डबी चुकून गेलेली नाही. मी घातली. स्वयंपाकाला जाणारं माणूस अंगठ्याची टोपी नेतं आणि सुया विसरतं, हे मला बघवलं नाही.

पाकिटावर तुझं नाव असलं तरी हे तीच आधी फोडणार. जन्मभर माझी पत्रं चिकटवण्याआधी तिनं वाचली आणि खाली ता. क. लिहिला. तेव्हा आता मधे माणूस कशाला? घाई, तू जरा बाजूला हो.

अगं, ऐक.

पट्टी हातात घेतल्याबरोबर मला कळलं. मी शेवटाला तीन टाके उलटे घेतो. ह्या पट्टीवर धाग्याची टोकं मागे ओढून चपटी गाठ मारलीय. ती गाठ मी रोज बघतो. माझ्या प्रत्येक शर्टाच्या प्रत्येक बटणामागे ती आहे.

आधी राग आला. खोटं नाही सांगत, चांगला पाव तास आला. मग ड्रॉवरमधून माझी पट्टी काढली आणि दोन्ही खिडकीत धरल्या. दोन दिवस बघत होतो. माझी चांगली आहे. तुझी जास्त चांगली आहे. वळणावर माझा एक टाका लहान पडतो. अडतीस वर्षं पडत असणार. तू शेजारी बसून बघत होतीस आणि एका शब्दानं बोलली नाहीस. का बोलली नाहीस ते मला ठाऊक आहे. मी ऐकून घेतलं नसतं.

तुला वाटत होतं मी अकरा ते एक पेपर वाचतो. वाचनालयात पेपर असतात कुठे, सगळे फाटलेले. मशीनसमोर बसलो आणि हात थरथरला तर तो तुला दिसेल, म्हणून मी जात होतो. म्हणजे बघ, मी तुझ्यापासून लपायला घराबाहेर जायचो आणि तू माझ्यापासून लपून घरात शिवायचीस.

हे सगळं मी तुला तोंडावर कधी सांगणार नाही. विचारू पण नकोस.

घाई, आता तू परत ये. दोनशे दहा खुर्च्या एका मशीनवर वेळेत व्हायच्या नाहीत. रविवारी टेम्पोनं माझं मशीन घेऊन येतोय. तू मागितलं नव्हतंस, हे माझ्या ध्यानात आहे. चांगल्या उजेडाची खिडकी तुझ्या मामीला दे, नव्या मशीनवर तू बस. स्टुलं दोघींच्या उंचीची हवीत. आणि एक तिसरं ठेव. धाग्यांची टोकं कापायला शेजारी माणूस लागतो. कात्री धरताना हात थोडा हलला तरी चालतं, मी घरी करून बघितलंय.

निळ्या शर्टाचं वरून दुसरं बटण तुटलंय. तसाच घालून येतोय. मी लावून बघितलं, पण ती गाठ मला येत नाही.

मामा